चंडीगड : पहिलीची निवड आणि अकरावीचा परतीचा रस्ता

पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आणि स्वतः केंद्रशासित प्रदेश असलेल्या चंडीगड शहरात डिसेंबर उजाडला, की खासगी शाळांच्या प्रवेश अर्जांची धांदल सुरू होते. तीन-चार वर्षांच्या मुलांचे पालक जन्मदाखले आणि रहिवासाचे पुरावे घेऊन एकाच वेळी अनेक शाळांकडे अर्ज करतात आणि सोडतीची वाट पाहतात. पुढे बारा-तेरा वर्षांनी, दहावीचा निकाल लागल्यावर, यांतील अनेक पालक पुन्हा एका यादीत मुलाचे नाव शोधताना दिसतात. फरक एवढाच, की ती यादी शासकीय शाळेच्या अकरावीची असते.

सरकारी शाळा की खासगी, हा प्रश्न देशातील बहुतेक शहरांत एकदाच, मूल लहान असताना विचारला जातो. चंडीगडमध्ये तो दोनदा विचारला जातो आणि दुसऱ्या वेळी त्याचे उत्तर पुष्कळदा उलटे येते. प्रशासनाने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय शाळांतील अकरावीच्या ८५ टक्के जागा चंडीगडच्याच शासकीय शाळांतून दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या. खासगी शाळांतील आणि शहराबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के जागा उरल्या. सरकारी शाळेत खासगी शाळेच्या मुलांची एवढी गर्दी व्हावी, की त्यांच्यापासून सरकारी शाळेच्या मुलांच्या जागा वाचवण्यासाठी नियम करावा लागावा, हे चित्र महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित वाटेल. म्हणून ते थोडे उलगडून पाहणे आवश्यक आहे.

शाळा सेक्टरच्या आत

चंडीगडची आखणी करताना ल कॉर्बुझिए यांनी शहराची विभागणी सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब अशा सेक्टरांत केली. वेगवान वाहतुकीचे रस्ते सेक्टरच्या चारही बाजूंनी जातात. बाजार, दवाखाना, मैदान आणि शाळा आत असतात. मुलाला घरून निघून शाळेत पोहोचेपर्यंत मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, असा त्यामागचा साधा हिशेब होता. आरंभीच्या सेक्टरांतील घरे, शाळा व दवाखाने यांचे आराखडे पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी केले. शेजारशाळेची शिफारस करणारा कोठारी आयोग १९६४ मध्ये नेमला गेला. चंडीगडने ती कल्पना त्यापूर्वीच नकाशावर उतरवली होती.

प्रत्येक सेक्टरमध्ये शाळा असावी, ही योजना मुख्यतः टिकली. तिच्या वर्गांत बसणारी मुले मात्र बदलली. सधन उत्तरेकडील सेक्टरांतील कुटुंबांनी खासगी शाळा निवडल्या आणि त्यांची मुले बसने चार सेक्टर ओलांडून जाऊ लागली. शहराची मूळ आखणी ५ लाख लोकसंख्येसाठी होती; २०११ च्या जनगणनेत ती १० लाख ५५ हजारांवर गेलेली होती. वाढलेली वस्ती मोठ्या प्रमाणावर दक्षिणेकडील दाट सेक्टरांत आणि धनास, मलोया, मौली जागराँ, राम दरबार यांसारखी गावे व पुनर्वसन वसाहती यांत आहे. तेथील शासकीय शाळांवर पटसंख्येचा मोठा ताण असून काही शाळा दोन पाळ्यांत भरवाव्या लागल्या आहेत. शहरात ‘सरकारी शाळा’ म्हणून एकच एक वस्तू नाही, हे पालकाने प्रथम लक्षात घ्यावे. जुन्या सेक्टरमधील मोठ्या मैदानाची शाळा आणि वसाहतीच्या टोकाची दुपारच्या पाळीची शाळा या दोहोंचे प्रशासन एक आहे, अभ्यासक्रमही एक आहे. परंतु मुलाचा तेथील दिवस सारखा नाही.

अकरावीला गर्दी का होते

शहरातील शासकीय शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी, म्हणजेच सीबीएसईशी, संलग्न आहेत. बहुतेक मोठ्या खासगी शाळाही त्याच मंडळाच्या आहेत. त्यामुळे दहावीनंतर शाळा बदलली तरी पुस्तके किंवा परीक्षा बदलत नाहीत. महाराष्ट्रात अकरावी सहसा कनिष्ठ महाविद्यालयात असते आणि विद्यार्थी शाळा सोडतोच. चंडीगडमध्ये अकरावी व बारावी शाळेतच भरते, मग ती आपल्या शाळेत असो वा दुसऱ्या.

सेक्टर १६, ३३, ३५ आणि ३७ येथील शासकीय आदर्श वरिष्ठ माध्यमिक शाळांना अनेक वर्षांपासून मोठी मागणी आहे. ‘मेडिकल’ आणि ‘नॉन-मेडिकल’ हे तेथील रूढ शब्द आहेत. जीवशास्त्र घेणारे पहिल्या शाखेत मोडतात, गणित घेणारे दुसऱ्या. नॉन-मेडिकल म्हणजे वाणिज्य किंवा कला नव्हे, हे नव्याने आलेल्या पालकाला कोणीतरी सांगावे लागते. या शाखांसाठी प्रयोगशाळा आहेत, शुल्क नाममात्र आहे, आणि अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीवर मोठी रक्कम खर्च करणाऱ्या कुटुंबाला शाळेच्या शुल्कातील बचत मोलाची वाटते. सेक्टर ३४ तर शिकवणी वर्गांसाठीच ओळखला जातो. दहा वर्षे शाळेला शुल्क द्यावे आणि शेवटची दोन वर्षे तेच शिकवणीला द्यावे, असा हा व्यवहार आहे. शाळेत नाव आणि दिवसभर शिकवणी, असा प्रकार मात्र चालत नाही. बारावीच्या परीक्षेसाठी सीबीएसईची ७५ टक्के उपस्थितीची अट आहे आणि नावापुरत्या विद्यार्थ्यांविरुद्ध मंडळाने २०२४ पासून अचानक तपासण्याही केल्या आहेत.

या ओघात तोटा होत होता तो सेक्टरच्या शाळेत पहिलीपासून शिकलेल्या मुलांचा. अकरावीचे प्रवेश गुणांवर होत. खासगी शाळेतून, घरच्या अभ्यासाच्या सोयीसह आलेला विद्यार्थी त्यांच्या पुढे जाई आणि ज्या इमारतीत ते दहा वर्षे बसले तेथेच त्यांना विज्ञान शाखा मिळत नसे. शहरातील ४२ शासकीय वरिष्ठ माध्यमिक शाळांत अकरावीच्या १३ हजारांहून अधिक जागा आहेत. आकडा लहान नाही, पण चांगल्या मानल्या जाणाऱ्या शाळांतील विज्ञानाच्या जागा त्यात थोड्याच. ८५ टक्क्यांचा नियम या विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहिला. तो पुरेसा की कठोर, यावर मतभेद असू शकतात. तथापि, ज्यांनी शाळेवर दहा वर्षे विश्वास ठेवला त्यांना तिचा पहिला हक्क मिळावा, या विचारात अन्याय्य काही दिसत नाही.

खर्च आणि त्याचा मोबदला

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये केलेल्या शिक्षणविषयक पाहणीनुसार देशात सरकारी शाळेतील विद्यार्थ्यावर कुटुंबाचा वर्षाला सरासरी २ हजार ८६३ रुपये खर्च होतो. इतर शाळांत तो २५ हजार २ रुपये आहे. शहरी भागांत सरकारी शाळांत शिकणाऱ्यांचे प्रमाण ३०.१ टक्के आढळले. ही देशाची सरासरी आहे. चंडीगडच्या नामांकित खासगी शाळांचे शुल्क तिच्या कितीतरी वर आहे. पंजाबचा २०१६ चा शुल्क नियमन कायदा २०१८ मध्ये चंडीगडला लागू करण्यात आला आणि वार्षिक शुल्कवाढीला ८ टक्क्यांची मर्यादा आली. शाळा निवडताना पालक पहिल्या वर्षाचे शुल्क विचारतात. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर ते नऊ वर्षांत दुप्पट होते, हा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

या पैशांच्या मोबदल्यात मूल अधिक शिकते काय? या प्रश्नाचे भारतातील सर्वांत काळजीपूर्वक तपासलेले उत्तर आंध्र प्रदेशातून आले आहे. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत सोडतीने निवडलेल्या मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला आणि चार वर्षांनी सोडतीत नाव न आलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेतील मुले स्पष्टपणे पुढे होती. खासगी शाळा तेलुगू व गणिताला कमी वेळ देऊनही मागे पडत नव्हत्या आणि उरलेला वेळ इतर विषयांना देत होत्या. त्यांचा प्रतिविद्यार्थी खर्चही सरकारी शाळांच्या सुमारे एक-तृतीयांश होता. आंध्रातील गावे आणि चंडीगड यांची परिस्थिती एक नव्हे. तरीही शाळेच्या फलकावरून गणिताचा अंदाज बांधता येत नाही, इतके त्यातून निश्चित कळते.

चंडीगडच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या कामगिरी निर्देशांकात हा प्रदेश २०१७-१८ च्या पहिल्या यादीत गुजरात व केरळ यांच्यासह सर्वांत वरच्या गटात होता आणि २०२२-२३ मध्येही त्याचे गुण सर्वाधिक होते. हा निर्देशांक अध्ययनाबरोबर सोयी, प्रवेश व प्रशासन यांनाही गुण देतो. प्रदेशाचा क्रमांक पाहून मुलाला एखाद्या शाळेत घालणे म्हणजे तालुक्याचे पर्जन्यमान पाहून विहीर खणण्यासारखे होईल.

पंचवीस टक्क्यांतील मूल

निवडीचा सर्वांत अवघड प्रसंग येतो तो आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांवर. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरवली आणि ६ मे २०१४ च्या निकालात अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. चंडीगडमध्ये १९९६ च्या योजनेखाली जमीन मिळालेल्या शाळांवर दुर्बल घटकांना जागा देण्याची अट त्याआधीपासूनच होती.

परंतु हा कायदा ६ ते १४ वर्षे वयापर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. खासगी शाळेत विनाशुल्क शिकणारे मूल नववीत गेले, की शुल्काचा प्रश्न उभा राहतो. कुटुंबाने दोन वर्षे कशीबशी रक्कम भरून मुलाला तेथेच दहावीपर्यंत ठेवले, तर अकरावीला ते कोणत्या गटात धरले जाईल, ८५ टक्क्यांच्या की १५ टक्क्यांच्या? नियमाची अक्षरे दहावी कोणत्या शाळेतून केली एवढेच पाहतात. आठवीनंतर लगेच शासकीय शाळेत आलेले मूल पहिल्या गटात मोडते. दोन वर्षांच्या अंतरावर एका गरीब मुलाची विज्ञान शाखा अवलंबून असावी, ही या व्यवस्थेतील खरी फट आहे आणि ती ८५ टक्क्यांच्या चर्चेत फारशी ऐकू येत नाही.

महाराष्ट्रात हाच पंचवीस टक्क्यांचा प्रश्न दुसऱ्या टोकाने आला. राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या राखीव जागांतून सूट दिली. शेजारी सरकारी शाळा आहे, मग गरीब मुलाने तेथेच जावे, असा त्याचा अर्थ होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. शेजारशाळेची कल्पना सर्वांसाठी असेल तरच ती शेजारशाळा. केवळ गरिबांपुरती उरली, तर तिला दुसरे नाव शोधावे लागेल.

बदलीवर येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

चंडीगड परिसरात लष्कर, हवाई दल, बँका, केंद्रीय कार्यालये आणि पदव्युत्तर वैद्यकीय संस्था यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येत असतात. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तेथे एक पोकळी जाणवते. आपल्याकडे पुण्यात १८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलपासून रयत शिक्षण संस्थेपर्यंत संस्थांच्या शाळांची मोठी परंपरा आहे. त्यांतील पुष्कळ शाळा खासगी असूनही अनुदानित आहेत. चंडीगडमध्ये अशा अनुदानित शाळा मोजक्याच आहेत. त्यामुळे निवड थेट दोन टोकांत होते. तिसरा मार्ग केंद्रीय विद्यालयांचा. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना तेथे प्राधान्य मिळते आणि अकरावीतही आपल्याच विद्यार्थ्यांचा आधी विचार होतो.

मूल नववी किंवा दहावीत असताना बदलीचा आदेश आला, तर पालकांनी विशेष सावध राहावे. नागपूर किंवा पुण्यातून दहावी करून आलेला विद्यार्थी शासकीय शाळेच्या अकरावीसाठी १५ टक्क्यांच्या स्पर्धेत उतरतो. लहान मुलांच्या बाबतीत एवढी घाई नाही. सेक्टरच्या शाळेत एखाद्या कामाच्या दिवशी जावे. वर्गात किती मुले आहेत, गणित व विज्ञानाचे शिक्षक नियमित आहेत की कंत्राटी, शाळा एका पाळीची की दोन, आणि गेल्या वर्षी तेथील किती मुलांना त्याच शाळेत विज्ञान शाखा मिळाली, हे विचारावे. खासगी शाळेने देणगी मागितली किंवा मुलाची अथवा पालकांची मुलाखत घेऊन निवड केली, तर शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमान्वये ते दंडनीय आहे. देणगीसाठी तिच्या दहापटींपर्यंत, तर मुलाखतीसाठी पहिल्या वेळी २५ हजार आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलाच्या पालकांनी मात्र मूल आठवीत असतानाच त्या वर्षीची अकरावीची प्रवेशपुस्तिका मिळवून वाचावी आणि गटाविषयी शंका असल्यास शिक्षण विभागाकडून लेखी उत्तर मागावे. नववीचे प्रवेश सुरू झाल्यावर त्यासाठी वेळ राहत नाही.