नैवेद्याला उशीर, गोळी मात्र वेळेवर

गौरीपूजनाचा दिवस. पहाटे चारला गॅस पेटलेला. पुरण, वरण, सोळा भाज्या, कोशिंबिरी, आंबील. साठीच्या सासूबाईंनी सवयीप्रमाणे सकाळी साखरेची गोळी घेतली, पण नैवेद्य झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही म्हणून नुसत्या चहावर राहिल्या. बाराचा नैवेद्य दोनला झाला. पाहुणे यायचे होते, म्हणून पहिली पंगत बसली तीनला. पोळ्या लाटतालाटता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं. घरात कुणी म्हणालं, दमल्या असतील. कुणी म्हणालं, दृष्ट लागली.

सणाच्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात असा रुग्ण नवा नसतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती विचारत नाही. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड सुरू होते. आणखी उतरली तर शुद्ध हरपते. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पेढा किंवा पुरणपोळी नको, तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. थेट रुग्णालय गाठावं.

सणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाच्या गोळीची वेळ ठरवून घेणं हा सोपा उपाय. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विचारलंच पाहिजे. आणि औषध चालू असलेल्या बाईने सकाळी दूध-पोळी खाल्ली म्हणून महालक्ष्मी रागावत असेल, असं निदान वैद्यकशास्त्राला तरी वाटत नाही. रक्तदाबाच्या गोळीचं उलटं होतं. ती गडबडीत ड्रॉवरमध्येच राहते.

दुसरी काळजी भाताची. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध कितीतरी तास कोमट राहतो, तिथे हे जंतू वाढून विष तयार करतात. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात केला की जंतू मरतात, विष तसंच राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, आणि घरचे दोष देतात तो पुरणाला. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. उरणार हे दिसतच असतं, तेव्हा शेवटच्या पंगतीची वाट न पाहता भात, खीर, भाज्या पसरट भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. विळीने बोट कापलं असेल त्या बाईला खिरीपासून दूर ठेवावं, पट्टी बांधली असली तरी. जखमेतल्या जंतूंचं विषही उकळून जात नाही.

हे सगळं एकटीने सांभाळायचं, तर कुठे ना कुठे चूक होणारच. पुरण आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवता येतं. सोवळं आड येत असेल, तर निदान भाज्या बसून चिराव्यात. दहा तास सलग उभं राहिल्याने पाय सुजतात, शिरा फुगलेल्या असतील तर रात्रभर ठणकतात. पोळ्या विकत आणल्या तर चार बायका बोलतील, त्या एरवीही बोलतात. वाढायला पुरुष उभे राहिले, तर पंगत तासभर लवकर उठते.

त्या सासूबाईंसारख्या रुग्णाला साखरपाण्याने बरं वाटलं, की घरचे उठून पुन्हा पाहुण्यांकडे वळतात. इथे एक धोका असतो. गोळीचा अंमल बरेच तास टिकतो, त्यामुळे साखर संध्याकाळी पुन्हा उतरू शकते. त्यांना आधी पोटभर वाढावं, मग रुग्णालयात न्यावं आणि रात्री त्यांच्याजवळ कुणीतरी झोपावं. भांडी सकाळी घासली तरी चालतात.