हाडांचे औषध आणि जबड्याचे दुखणे

उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे ठिसूळ होतात. न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते. एकदा अंथरूण धरले की माणूस पूर्वीसारखा हिंडूफिरू लागेल याचा भरवसा राहत नाही. हे संकट टाळण्यासाठी जी औषधे देतात, त्यांत बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे प्रमुख होत. अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदा घेतात. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन वर्षातून एकदाच देतात. कर्करोग हाडांत पसरला असता हेच इंजेक्शन पुष्कळ अधिक वेळा द्यावे लागते. या औषधांचे उपकार मोठे आहेत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. पुढील मजकूर वाचून कोणी औषध बंद करू नये.

२००३ साली अमेरिकेतील मायामी येथील मुखशल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. या औषधांची इंजेक्शने घेणाऱ्या त्या रोग्यांच्या जबड्याचे हाड उघडे पडून मृत झाले होते. पुढच्याच वर्षी डॉ. रुग्गिएरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३ रोग्यांची माहिती दिली. त्यांपैकी ७ जण केवळ गोळ्या घेणारे होते. असे दुखणे वैद्यकाला अगदीच अपरिचित नव्हते. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांतील कामगारांचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी असेच कुजत. अशा काड्यांवर आपल्या देशात १९१३ च्या कायद्याने बंदी आली.

मग जबड्यालाच हे का व्हावे? शरीरातील जुने हाड काही पेशी पोखरून काढतात व त्या जागी नवे हाड भरले जाते. औषध या पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते, म्हणून हाड टिकते. परंतु जबड्यात ही झीज-भर फार वेगाने चालते; वर हिरडीचे पातळ आवरण, आणि तोंडात जंतू सदैव हजर. दाढ काढली की हाड उघडे पडते आणि ते भरून येण्याचे काम मंदावलेले असते. आठ आठवडे उलटूनही हाड उघडेच राहिले आणि त्या जागी पूर्वी किरणोपचार झालेले नसले, तर या विकाराचा संशय धरावा. २०१० पासून वापरात आलेल्या डेनोसुमॅबनेही हा विकार होऊ शकतो.

धोका किती? केवळ ठिसूळ हाडांसाठी औषध घेणाऱ्यांत हजारी एकाहूनही कमी. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत बराच अधिक, तरी शेकडा पाचांच्या आतच. म्हणजे भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु अनेक देशांत डॉक्टरांना व दंतवैद्यांना प्रश्न विचारून ज्या पाहण्या झाल्या, त्यांत याविषयीचे ज्ञान सर्वत्र सारखे पोचलेले नाही असे दिसले. हाडांचे डॉक्टर तोंड उघडून पाहत नाहीत आणि दातांच्या डॉक्टरांना हाडांच्या औषधाची वार्ता नसते. "रोज काय औषध घेता?" असे विचारले असता, वर्षातून एकदा इंजेक्शन घेणाऱ्या आजीबाई सरळ "काही नाही" म्हणतात. त्यात त्यांचा काय दोष? आणि बिस्फॉस्फोनेट तर हाडांत कित्येक वर्षे साठून राहते.

म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीच दात तपासून घ्यावेत आणि किडलेले दात काढायचे असल्यास तेव्हाच काढावेत. पुढे कवळी टोचत असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. दाढ काढण्याची वेळ आलीच, तर पूर्वी घेतलेल्या इंजेक्शनांसह सर्व औषधांचा कागद दंतवैद्यांपुढे ठेवावा. औषध थांबवायचे की नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावे. डेनोसुमॅब तर मनाने मुळीच बंद करू नये. ते खंडित झाल्यास मणके मोडण्याची भीती असते. घरातील वडीलधाऱ्यांची फाईल आजच काढून पाहावी आणि अशा औषधाचे नाव व तारीख तिच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावी.