बॅटरी नव्हे, अल्टरनेटर तपासा!

गेल्या उन्हाळ्यात देवळीहून पुलगावला परतताना आम्ही बसलेल्या व्हॅनचे दिवे पिवळे पडत गेले. मग हॉर्न बसला आणि गाव जवळ आले असताना गाडीच बंद पडली. गाडीचा मालक आमच्याच वस्तीतला, कर्ज काढून धंद्याला लागलेला तरुण. महिनाभरापूर्वीच त्याने नवी बॅटरी घेतली होती. ते पैसे वाया गेले, कारण खरा दोष अल्टरनेटरचा होता.

वाचकहो, बॅटरी फक्त गाडी सुरू करून देते. पुढे दिवे, पंखा, हॉर्न यांना वीज पुरवायची आणि बॅटरीही भरायची, हे काम अल्टरनेटर करतो. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो. नीट सांभाळला तर लाख-दीड लाख किलोमीटर सहज चालतो. मग तो लवकर का जातो?

पहिला शत्रू उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात बॉनेटखाली इंजिनची धग. तिने आतले डायोड आणि रेग्युलेटर जळतात. दुसरी धूळ व गळणारे तेल. त्यांनी कार्बनचे ब्रश लवकर झिजतात, बेअरिंग आवाज करू लागते. तिसरा पट्टा. सैल असला तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. चौथी मरायला टेकलेली बॅटरी. ती भरता भरता अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीने राबतो आणि तापतो. जादा दिवे आणि मोठे स्पीकर लावले की तोच प्रकार.

तपासणी सोपी आहे. गाडी बंद असताना भरलेल्या बॅटरीवर मीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो. इंजिन चालू केल्यावर तो बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवा. कमी असेल तर चार्जिंग होत नाही, जास्त असेल तर बॅटरी उकळते. मात्र चालू गाडीत बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी रीत सोडा. त्याने डायोड उडतात.

त्या तरुणाच्या गाडीत केवळ ब्रश झिजले होते. ते बदलताच काम भागले. म्हणून सांगतो, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा चालत्या गाडीत पेटला, तर दुकानात जाण्याआधी मीटर लावायला सांगा. घामाचा पैसा आहे, तो योग्य जागीच खर्च व्हावा.