ट्रॅक्टरच्या आरपीएम-काट्याची परीक्षा

महसूल खात्यात कारकुनी करताना एक गोष्ट मनावर पक्की बिंबली. मोजणीची साखळीच ओढून लांबलेली असेल, तर पुढील हिशोब कितीही काटेकोर केला तरी क्षेत्र चुकीचेच भरते. म्हणून 33 फुटांची साखळी आधी तपासावी व मगच शेतात उतरावे, अशी जुन्या मोजणीची शिस्त होती. यंत्राच्या काट्यासही हाच न्याय लागू आहे.

गेल्या हंगामात केंदूर येथे आमच्या जुन्या ट्रॅक्टरवर बाजरीची मळणी चालली असता दाणा फुटू लागला. कणसे चांगली वाळलेली होती, मळणी यंत्रही नीट लावलेले होते. आमच्या ट्रॅक्टरात इंजिनाचे मिनिटास 1500 फेरे झाले म्हणजे पीटीओचे 540 होतात, आणि काटा तर 1500 वर स्थिर होता. फुटक्या मालास व्यापाऱ्याने भाव कमी दिला तो दिलाच. दोष यंत्राचा की काट्याचा, हे ठरविण्यास काट्याहून खरे माप हवे होते. ते घरच्या ट्यूबलाइटीत सापडले.

आपली वीज सेकंदास 50 आवर्तनांची असून प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा, म्हणजे सेकंदास 100 वेळा, उजळतो. 31 डिसेंबर 2013 रोजी दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्यास जोडले गेले. तेव्हापासून देशभर आवर्तन एकच आहे. ते 49.90 ते 50.05 यांच्या दरम्यान राखण्याचा नियम आहे. त्या मर्यादेत 1500 फेऱ्यांमागे तिनांहून अधिक चूक पडत नाही.

कृती अशी. इंजिन बंद ठेवून, किल्ली काढून, क्रँकच्या पुलीवर मध्यापासून काठापर्यंत एकच पांढरी रेघ ओढावी. तिन्हीसांजेला, दारे उघडी ठेवून, जुन्या चोकची ट्यूब पुलीजवळ लावावी. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबा व पुष्कळसे एलईडी दिवे या कामी चालत नाहीत. उजेडात काठी झपाट्याने हलवून पाहावी. तिच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर दिवा कामाचा समजावा. वीज महावितरणचीच असावी, जनरेटरची नसावी.

मग इंजिन सुरू करून मंद चालीपासून हळूहळू वेग वाढवावा. 1000 फेऱ्यांस एका रेघेच्या सहा रेघा स्थिर दिसतात, 1200 स पाच, 1500 स चार आणि 2000 स तीन. कारण उघड आहे: 1500 फेऱ्यांस दोन उजळण्यांमध्ये पुली बरोबर पाव फेरा फिरते. वेग खालूनच वाढवीत न्यावा. 2400 फेऱ्यांसही पाच रेघा दिसतात, आणि मध्येच सुरुवात केल्यास फसगत होते.

आमच्या पुलीवर चार रेघा स्थिर झाल्या तेव्हा काटा 1300 दाखवीत होता! म्हणजे काटा 1500 वर आणला की इंजिन खरोखर 1730 च्या सुमारास फिरे व पीटीओ 620 च्या वर जाई. बाजरी फुटली यात नवल ते काय? आमचा काटा अल्टरनेटरच्या वेगावरून चालतो. पूर्वी एका ठिकाणी अल्टरनेटर दुरुस्त करविला, तेव्हा 65 मिलिमीटरच्या पुलीऐवजी 75 ची बसविली गेली होती. मूळ मापाची पुली बसविताच काटा खरा बोलू लागला. पट्टा सैल असला तरीही काटा कमी दाखवितो. केबलवर चालणाऱ्या काट्यांत लोहचुंबक मंदावल्यास आकडा कमी येतो, स्प्रिंग मंदावल्यास अधिक.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. त्या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी भासते. रेघ पुसट झाली म्हणून ती खडूने गडद करण्यास माझ्या पुतण्याने हात पुढे केला. मनगट धरून मागे ओढले म्हणून बोटे वाचली. यास्तव मुलाबाळांस दूर ठेवावे, उपरणे व सैल बाह्या आवराव्यात, आणि पुलीपासून दोन हात अंतर राखूनच पाहावे.

शेजारच्या पाबळ येथे 1983 साली डॉ. कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापून, काम करता करता शिकण्याचा पाठ या भागास घालून दिला. ही परीक्षाही त्याच जातीची आहे. तीस खर्च एका रेघेचा. मळणीपूर्वी प्रत्येकाने ती करून पाहावी, ही विनंती.