शेताची किंमत आणि कष्टाची किंमत

शेताची किंमत कशी ठरते, असे विचारले तर आपले बहुतेक विद्यार्थी 'बाजारभावाने' असे सांगतात. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. जमीन निसर्गाने दिलेली. विहीर, ताल आणि खत हे माणसाचे कष्ट. ही दोन्ही वेगवेगळी कशी मोजावीत, हाच माझ्या मते शेतीच्या मूल्यमापनातील मुख्य प्रश्न आहे.

इंग्लंडात या कामाचा स्वतंत्र व्यवसायच झाला. तेथील शेती-मूल्यमापकांचा मध्यवर्ती संघ १९१० साली स्थापन झाला आणि २०१० मध्ये त्याची शताब्दी झाली. त्याची गरज कुळांमुळे निर्माण झाली. कूळ शेत सोडून जाई, पण त्याने घातलेले खत मातीतच राही व त्याचा लाभ दुसऱ्याला मिळे. १८७५ च्या कायद्याने अशा कुळाला भरपाई देऊ केली. परंतु करारात तसे लिहून मालक तिच्यातून सुटू शकत असे. ही पळवाट १८८३ मध्ये बंद झाली. मग खताचा किती अंश मातीत उरला, हे ठरवणारा जाणकार दोन्ही पक्षांना लागू लागला. रोथॅमस्टेडच्या लॉज व गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी तर गुरांना घातलेल्या पेंडीपासून किती मोलाचे खत मिळते, याची कोष्टकेच तयार केली.

आपल्याकडे हे काम सरकारी पाहणीने केले. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरुवात केली. १८४७ च्या संयुक्त अहवालात पद्धत पक्की झाली आणि ती बेळगाव-धारवाडकडेही लागू झाली. शेतात ठिकठिकाणी खणून मातीचा पोत व खोली पाहत. उत्तम काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. तीच एक हात असेल तर दहा आणे. तीत चुनखडी निघाली की प्रत एक पायरी उतरून आठ आणे. मात्र हे आणे म्हणजे सारा नव्हे, ती फक्त तुलना होय. साऱ्याचा दर पाऊसमान आणि बाजारपेठेचे अंतर पाहून वेगळा ठरे. शेतकऱ्याने स्वखर्चाने काढलेल्या विहिरीमुळे सारा वाढवू नये, हे तत्त्वही पुढे मुंबई इलाख्याच्या महसूल कायद्यात आले. म्हणजे कष्ट कष्टकऱ्याचे, हे दोन्ही देशांत मान्य झाले.

आज हा प्रश्न भूसंपादनाच्या वेळी उभा राहतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे जमिनीचा भाव ठरवताना आधीच्या तीन वर्षांतील आसपासची खरेदीखते पाहतात व त्यांतील जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. झाडे, विहीर, इमारत यांचे मूल्य निराळे धरतात आणि एकूण रकमेइतकेच दिलासा मूल्य वर मिळते. व्यवस्था चांगली आहे. पण मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी गावात खरेदीखतावर कमी रक्कम लिहिली जाते आणि तीच पुढे शेजाऱ्याच्या भरपाईत आडवी येते. पंचनाम्यात न आलेल्या विहिरीचे किंवा आंब्याचे तर मोलच होत नाही.

म्हणून आपल्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे : सुटीत घरी गेल्यावर शेताचा उतारा काढून वाचा. विहीर, झाडे, पिके यांची नोंद बरोबर आहे का, ते पाहा. वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर जे कष्ट केले, त्यांची किंमत कागदावर असेल तरच हिशेबात धरली जाते.