हंगामाची धांदल आणि घरातले बोलणे



गळीत हंगाम सुरू झाला की सभासदाच्या घराचे घड्याळच बदलते. तोडीसाठी मुकादमाकडे खेपा, रात्री वीज आली की मळ्यात जाऊन मोटार चालू करणे, पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालणे. पाळीवर जाणाऱ्या कामगाराचीही तीच तऱ्हा. बाप घरी येतो तेव्हा पोरे झोपलेली, पोरे शाळेला निघतात तेव्हा बाप झोपलेला. हे सारे कष्ट पोरांसाठीच, यात वाद नाही. पण या धांदलीत काही वाईट सवयी घरात शिरतात आणि हंगाम संपला तरी जात नाहीत. त्यांचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पहिली सवय कामापुरते बोलण्याची. "अभ्यास केलास का? वैरण टाकलीस का?" याला मूल "हो" म्हणते आणि सुटते. त्याऐवजी "मधल्या सुट्टीत काय खेळलात?" असे विचारून पाहावे. मूल आपणहून चार वाक्ये बोलेल.

दुसरी सवय धाकाची. "येऊ दे तुझ्या बापाला, मग बघ!" असे आई सहज म्हणून जाते. मूल तेवढ्यापुरते गप्प बसते, पण बाप म्हणजे मार, हेच त्याच्या मनात ठसते. त्यात काट्यावर दिवसभर ताटकळलेल्या माणसाचा राग घरी पोरावर निघतो. मार खाऊन मूल चूक सोडत नाही, ती लपवायला शिकते. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. गुरुजींना जे वर्ज्य, ते घरात योग्य कसे?

या लपवण्याची किंमत मोठी असते. एस.टी.त कुणी त्रास देत असेल, तर पुष्कळ मुली घरी सांगत नाहीत. कारण काय? "घरी कळलं तर माझी शाळाच बंद करतील." म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा पोरीला. अशा वेळी बापाच्या तोंडून पहिले वाक्य "तू सांगितलंस ते बरं केलंस" हेच निघाले पाहिजे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी आहे, तोही पोरांना पाठ असू द्यावा.

तिसरी सवय मोबाईलची. रडले की दे मोबाईल, जेवत नाही की दे मोबाईल! तान्हे मूल हुंकार देते, आपण त्याला उत्तर देतो, या देवघेवीतूनच ते बोलायला शिकते. मोबाईल बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही. फुटवे फुटायच्या वेळी पाणी चुकले तर ते नुकसान पुढे पुरते भरून निघत नाही, हे आपण जाणतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की वर्षाच्या आतील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासाहून जास्त नको.

चौथी सवय अबोल्याची. नवरा-बायकोचे बिनसले की मूल टपालवाला होते. "जा, तुझ्या बाबांना सांग जेवायला वाढलंय." मोठ्यांचे भांडण मोठ्यांनीच मिटवावे. पोराला मधे घातले की आपल्यामुळेच हे झाले, असे त्याला वाटू लागते.

यावर उपाय काय? फार नाही. रोज एक वेळचे जेवण एकत्र, मोबाईल बाजूला ठेवून. तेही जमत नसेल, तर झोपण्याआधी दहा मिनिटे. शेजारच्या पोराशी तुलना नको. आपल्या पोराने केलेले चांगले काम नाव घेऊन सांगावे. रागाच्या भरात जादा बोलले गेले, तर दुसऱ्या दिवशी "माझं चुकलं" म्हणावे. त्याने बापाचा मान कमी होत नाही.

उसाची नोंद वेळेवर व्हावी म्हणून आपण गट ऑफिसला चकरा मारतो. पोराच्या मनात काय चालले आहे, त्याची नोंद मात्र घरातच, आपल्यालाच घ्यावी लागते. या हंगामापासूनच ती घ्यायला लागू या.