चमकी, फिरकी आणि नाकातला बोगदा

शस्त्रक्रियेपूर्वी ‘अंगावरचे सगळे दागिने काढून ठेवा’ अशी सूचना मिळते. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी निघतात. अडते ते नाकातल्या चमकीपाशी. कित्येक वर्षांत ती काढलेलीच नसते. मग आयत्या वेळी ओढाताण सुरू होते. सूचना मात्र अनाठायी नसते. रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरतात त्या विद्युत उपकरणामुळे धातूपाशी त्वचा भाजू शकते आणि भूल दिलेली असताना सुटलेली फिरकी श्वासमार्गात जाऊ शकते. म्हणून चमकी कशी काढावी आणि भोक कसे सांभाळावे, हे आपण सवडीने समजून घेऊ.

भोक नव्हे, बोगदा

नाकपुडीच्या बाहेर त्वचा असते आणि आत, अगदी दाराशी, केस असलेली त्वचाच असते. नाक टोचले की या दोन थरांमधल्या भागाला जखम होते. शरीर ती भरून काढू लागते. पण मध्ये तार असल्याने जखमेच्या कडा एकमेकींना भिडत नाहीत. मग दोन्ही तोंडांकडून त्वचेच्या पेशी तारेच्या कडेने आत सरकतात आणि अखेर या बोगद्याला त्वचेचे अस्तर लागते. या कामाला काही महिने लागतात. बाहेरची सूज ओसरली म्हणजे आतले काम संपले, असे समजू नये. अस्तर पुरे होण्याआधी चमकी काढली तर भोक काही तासांतच बुजू लागते. जुने भोकही रिकामे राहिले तर हळूहळू आक्रसते.

नव्या भोकातली चमकी रोज फिरवावी, असे पूर्वी सांगत. त्याने हे कोवळे अस्तरच फाटते. हळद, तेल, राख यांचाही तेथे उपयोग नाही. एक लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवावे आणि स्वच्छ कापडाच्या घडीने दिवसातून दोनदा शेकावे. मिठाचे हे प्रमाण शरीरातील द्रवांशी जुळणारे आहे. मीठ जास्त झाले तर पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि जखम चुरचुरते.

फिरकी कोणत्या दिशेला?

आता काढण्याकडे वळू. चमकीची दांडी म्हणजे एक बारीक स्क्रू आणि फिरकी म्हणजे तिचा नट. मळसूत्र साधारणपणे उजव्या वळणाचे असते. नटाच्या बाजूने पाहिले तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यावर सुटतो. मात्र खड्याच्या बाजूने पाहिले तर तोच नट काट्यांच्या दिशेने फिरताना दिसतो! खड्याच्या बाजूने पाहून फिरकी काढणारी व्यक्ती ती सोडवण्याऐवजी आवळत बसते, त्याचे कारण हेच. वर्गात एक नटबोल्ट दोन्ही बाजूंनी दाखवला की मुलांना हा घोळ लगेच कळतो.

हात साबणाने धुऊन, उजेडात, मान पुढे झुकवून बसावे. झोपून किंवा मान मागे टाकून हे काम करू नये. कोमट मीठपाण्याने सुकलेली पापडी आधी मऊ करावी. एका हाताने खडा स्थिर धरावा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी फिरकी हळूहळू सोडवावी आणि त्या वेळी श्वास तोंडाने घ्यावा. फिरकी निसटली तर नाक वर ओढायचे नाही. दुसरी नाकपुडी दाबून हलकेच शिंकरायचे.

एवढी काळजी कशासाठी? नाकातून मागे गेलेली फिरकी घशात उतरते आणि तेथून श्वासनलिकेत जाऊ शकते. उजवी श्वासवाहिनी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असल्याने अशा वस्तू बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जातात. सुरुवातीला थोडा ठसका लागतो, मग बरे वाटते आणि काही आठवड्यांनी खोकला सुरू होतो. म्हणून फिरकी सापडली नाही आणि ठसका लागला असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. धातू तीत स्पष्ट दिसतो. १८९७ साली जर्मन वैद्य गुस्ताफ किलियन यांनी नळीतून पाहत एका रुग्णाच्या श्वासवाहिनीत अडकलेले हाड बाहेर काढले. तेथून सुरू झालेल्या ब्रॉन्कोस्कोपीनेच आजही अशा फिरक्या काढल्या जातात.

फिरकी हलतच नसेल किंवा तिच्यावर मांस चढले असेल, तर जोर करू नये. डॉक्टरांकडे ती कापून काढता येते.

पू की खाज?

नाक लाल झाले की दोन शक्यता असतात. ठणका, ऊब आणि पू असेल तर जंतुसंसर्ग समजावा. अशा वेळी चमकी आपण होऊन काढू नये. तोंड बुजले तर पू आत कोंडतो. डॉक्टरांना दाखवावे. खाज, पुरळ, पाणी सुटणे असेल आणि नकली दागिना घातला की हे पुन्हा होत असेल, तर निकेलच्या ॲलर्जीचा संशय घ्यावा. येथे दागिना काढणे हाच उपाय.

घामामुळे मिश्रधातूतले निकेल आयनरूपात सुटते, त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला परके मानू लागते. ही ओळख एकदा पटली की सहसा जन्मभर पुसली जात नाही. युरोपीय संघाने १९९४ साली निकेलवर निर्बंध आणले. तेथील नियमानुसार टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटले पाहिजे. पहिल्या चमकीसाठी टायटॅनियम किंवा निकेल नसलेले सोने बरे. ‘पांढऱ्या सोन्या’त मात्र निकेल असू शकते.

बारावीच्या प्रयोगशाळेत डायमिथिल ग्लायॉक्झिम असतेच. त्याचे द्रावण आणि अमोनियाचे काही थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो नकली दागिन्यावर अर्धा मिनिट घासावा. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटत आहे, असे समजावे. प्रयोग हवेशीर जागी करावा. दागिना अर्थातच आधी काढलेला हवा आणि पुन्हा घालण्यापूर्वी नीट धुतलेला हवा.

सोनारानेच कान टोचावेत, अशी म्हण आहे. टोचून झाल्यावरची जबाबदारी मात्र आपली असते. मुलगी नाकाला हात लावून खाजवताना दिसली, तर ‘नखरे पुरे’ म्हणण्याआधी शिक्षकांनी एवढेच विचारावे, “ही चमकी कशाची आहे?”